एक नंबर लहान

बीड
१४ नोव्हेंबर २०२५

सुरेखा,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायचं असतं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं, म्हणून हा दुसरा कागद घेतला.

तू माझा फोन ब्लॉक केलास, सायलीनेही केला. पोरगी आईवर गेली आहे, दुसरं काय. काल रामहरीभाऊ दवाखान्यात न्यायला तुझे गाऊन घ्यायला घरी आले, तेव्हा मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभीच होते. तुझा नवरा दहा प्रश्न विचारले की एक उत्तर देतो, हे मी तुला काय सांगायचं. म्हणाले, "आक्का, ती म्हनली, आक्काला अंबाजोगाईला येऊ देऊ नका. लिव्हायचं आसंल तर लिवा म्हनली. मी नेऊन देतो." म्हणून लिहिते आहे.

अंगठा काढला हे ऐकून मला रडू आलं. पण सुरेखा, पायाचाच अंगठा आहे. चप्पल घातली की कुणाला दिसणारसुद्धा नाही. साखर साडेचारशे निघाली म्हणे. आता मला ते कसं कळणार? मी काही डॉक्टर नाही. तू मला त्रास होतो असं कधी बोलली नाहीस. आणि रागावू नकोस, पण तुला मी सहा हजार पावलं सांगितली होती, तू पंधरा हजार चालत होतीस. हातातल्या पट्ट्यावरचा आकडा रोज सकाळी सगळ्यांना दाखवायचीस. एवढं चालायला कुणी सांगितलं होतं?

इकडचं सांगते. चौकातला तुझा फ्लेक्स अजून तसाच आहे. एका बाजूला वाढदिवसाचे भाऊ, दुसऱ्या बाजूला पुण्यस्मरणाचे आबा, आणि मध्ये तू. 'सौ. सुरेखा रामहरी मिसाळ. आधी ९२, नंतर ७१. फक्त नव्वद दिवसांत!' 'नंतर'च्या फोटोत काय दिसतेस गं! गालाची हाडं वर आलेली, गळा मोकळा. हा फ्लेक्स बघून माझ्या 'हलकंफुलकं' वेटलॉस सेंटरमध्ये अकरा नव्या बायका आल्या आहेत. सगळ्या विचारतात, त्या सुरेखाताई कुठे आहेत? मी सांगते, गावी गेल्यात.

लवकर बरी हो. खुर्ची तुझीच आहे, खिडकीजवळची.

तुझी आक्का


बीड
१९ नोव्हेंबर

सुरेखा,

रामहरीभाऊ म्हणाले, पत्र वाचलंस आणि एवढंच बोललीस, "तिला बुटाचं इचारा."

बुटाचं नंतर बोलू. आधी मला सांग, या शहरात जाड बाईने जायचं कुठे? जिममध्ये बायकांची वेळ दुपारी बारा ते दोन, म्हणजे नेमकी घरात पोळ्या लाटायची वेळ, आणि आत चारी भिंतींना आरसे. ग्राउंडवर चालायला गेलीस, तर कट्ट्यावरची पोरं 'रोडरोलर आला बे' म्हणाली. तूच सांगितलंस, माझ्या स्वयंपाकघरात बसून, पदर तोंडात कोंबून. हाडांच्या डॉक्टरांनी तुझे गुडघे दाबून बघितले, 'वजन कमी करा' म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल मारली. कसं कमी करायचं ते तेवढं राहून गेलं. बसस्टँडमागे एक आहारवाल्या बाई बसतात, त्यांच्या तक्त्यात ओट्स आणि अॅव्होकॅडो. तू मला विचारलंस, आक्का, हे फळ कोणत्या झाडाला लागतं? प्रदर्शनातून थरथरणारा पट्टा आणलास, तो आता रामहरीभाऊ कंबर दुखली की लावतात. आणि ही चरबी तरी तुझ्या खाण्याची होती का? एकतिसाव्या वर्षी पिशवी काढली तुझी. दहा वर्षांत तीस किलो चढलं आणि घरादाराने तुझ्या ताटाकडे बोट दाखवलं.

मग राहिली माझी माडीवरची खोली. वीस प्लास्टिकच्या खुर्च्या, एक मिक्सर, एक वजनकाटा, भिंतीवर फोटो. सकाळी सहाला दार उघडं. आत सगळ्या जाड बायका. कुणी कुणाला हसत नाही. पहिल्या दिवशी तू काट्यावर चढलीस, ब्याण्णव भरले, तू डोळे मिटून घेतलेस, तर मागून सरस्वतीबाई ओरडल्या, "अगं, मी एकशेचार हाय, अन् अजून जित्ती हाय!" तू इतकी हसलीस की काट्याचा आकडा हलायला लागला. त्या खोलीत तू हसलीस हे तरी खोटं नाही ना?

जेवणाऐवजी आपण ग्लासात घुसळून पितो त्या पावडरवर मी स्वतः सव्वीस किलो उतरवलेत. विश्वास नसता तर सख्ख्या बहिणीला पाजली असती का?

बुटाचं म्हणशील तर चांगल्या दुकानातले घेतले होते. नव्वद दिवसांच्या स्पर्धेतल्या पहिल्या नंबराचं बक्षीस होतं, कोजागिरीच्या सोमवारी सगळ्यांसमोर तुझ्या हातात दिलं. गुलाबी पट्टीचे, तुलाच आवडले होते. दुकानदार म्हणाला, वापरून सैल होतात. झाले नसतील तर तो त्याचा दोष. मी तुला दोनदा विचारलं, लागत नाहीत ना? तू म्हणालीस, "आक्का, पायात हायत का न्हाईत हेबी कळत न्हाई, लई मस्त हायत." मग मी काय समजायचं?

आईचा फोन आला होता शिरूरहून. सुरेखा फोन उचलत नाही म्हणाली. मी सांगितलं, पायाला जरासं लागलंय, बाकी सुरेखा बरी आहे.

आक्का


बीड
२५ नोव्हेंबर

सुरेखा,

काल संध्याकाळी रामहरीभाऊ आले. घरात आले नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "गुडघ्याखालून काढला, आक्का. डावा. मला सही करायला लावली." मग बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले. मी पाणी दिलं, तेही घेतलं नाही.

मी माडीवर गेले. सगळ्या खुर्च्या एकावर एक रचल्या. मग परत मांडल्या. सकाळी सहाला बायका येणार होत्या.

बुटाचं तू विचारलंस आणि मी दुकानदारावर ढकललं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. तुझा पाय सातचा. मला माहीत आहे, तुझ्या लग्नाच्या चपला मीच आणल्या होत्या. त्याने सातचा जोड काढला आणि म्हणाला, "ताई, चालायचे बूट जरा मोठेच घ्यावेत, पाय फुगतो." मी सहाचा मागितला. तो म्हणाला, बाईंना घेऊन या, घालून बघू द्या. मी हसून म्हटलं, आमच्याकडे रीत आहे.

तुला रीत माहीत आहेच. जिला बक्षीस, तिला एक नंबर लहान. ब्लाउज असो, कुर्ता असो, बांगड्या असोत. आजचा नंबर द्यायचा नाही, पुढच्या महिन्याचा द्यायचा, म्हणजे बाई त्याच्यापर्यंत पोचते. ही रीत मीच काढली आणि सगळ्या सेंटरवाल्यांनी माझी बघून उचलली. ब्लाउज लहान झाला तर बाई हूक लावत नाही, पदराखाली झाकते. बुटाचं तसं नसतं, हे दुकानात माझ्या डोक्यात आलंच नाही. वजन उतरलं की पाऊलही उतरतं असं मला खरंच वाटत होतं. शपथ घेऊन सांगते, पण माझ्या शपथेला आता काय किंमत.

त्या बुटात तू रोज पंधरा हजार पावलं चाललीस. अंगठ्याला फोड आला, फुटला, आत चिघळला आणि तुला कळलं नाही, कारण साखरेने पाय आधीच मुका झाला होता. डॉक्टरांनी रामहरीभाऊंना सांगितलं, ही साखर चार-पाच वर्षांची असणार. म्हणजे 'लई मस्त हायत' म्हणालीस तेव्हा तू खरंच सांगत होतीस. पायात आहेत की नाहीत ते तुला कळतच नव्हतं.

आज सगळा दिवस मला आपली शिरूरची खोली दिसते आहे. दसरा झाला की आई-बाबा टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे आणि आपल्याला आजीजवळ ठेवायचे. मी अकराची, तू पाचची. आजीला चुलीपुढे बसवत नव्हतं, भाकऱ्या मीच थापायचे. तू आईसाठी रडायला लागलीस की तुझ्या तोंडात गुळाचा खडा घालायचे. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं गं. गूळ संपला तर भाकरी चुरून, भाकरी नसली तर शेंगदाणे. रडली की भरव. तू गप्प झालीस की मला वाटायचं, मी आई झाले.

कारखान्यावर मी पोस्टकार्ड लिहायचे. 'सुरेखा बरी आहे. जेवते.' एका वर्षी तुला आठ दिवस ताप होता. डोळे उघडत नव्हतीस. तेव्हाही मी तेच लिहिलं. आई-बाबा टोळी सोडून आले असते, मुकादमाची बोलणी खाल्ली असती, आणि मला म्हणाले असते, तुला एक पोर सांभाळता आली नाही. तू वाचलीस म्हणून ते कार्ड खरं ठरलं.

मीच तुला भरवून मोठी केली, आणि मीच तुझ्या पुढचं ताट ओढून हातात ग्लास दिला. दोन्ही वेळा मला वाटलं, मी तुझं भलं करते आहे.

अजून एक गोष्ट आहे. आज लिहवत नाही.

आक्का


बीड
१ डिसेंबर

सुरेखा,

आज सोमवार. सकाळी वजनं झाली. वही उघडली, नाव वाचलं, आकडा वाचला, जिचं उतरलं तिला टाळ्या. मीही वाजवल्या. आता दुपार आहे, दार लावून बसले आहे, आणि मागच्या वेळी राहिलेली गोष्ट लिहिते आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, मला कसं कळणार. मला कळलं होतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. तुझं वजन शहात्तरवर आलं होतं. तुम्ही सगळ्या गेल्यावर सुकन्या मागे थांबली. आरोग्य केंद्रात नर्स आहे ती, तुला माहीतच आहे, उगाच बोलणारी बाई नाही. म्हणाली, "विजाताई, तुमच्या भनीचं वजन आसं उतरायला नको. तिला सारखी तहान हाय, घडीघडी लघवीला जातीय, तोंडाला येगळाच वास येतोय. माझ्या पिशवीत मशीन हाय. बोटाला टोचलं की एक मिनिटात कळतंय."

मी म्हटलं, कोजागिरी होऊ दे.

ती म्हणाली, "ताई, एक मिनिटाचं काम हाय."

मी म्हटलं, कोजागिरी होऊ दे म्हणते ना.

नियम माझाच होता. जिला कसलीही गोळी चालू, तिला स्पर्धेत धरायचं नाही, नाहीतर लोक म्हणतील पावडरने नाही, औषधाने उतरलं. तुझी साखर निघाली असती तर तुला गोळ्या लागल्या असत्या. गोळ्या लागल्या असत्या तर तू स्पर्धेतून बाद. आणि तुझं सोळा किलो माझ्या पावडरचं नाही, आजाराचं, हे सगळ्या गावाला कळलं असतं. फ्लेक्सवाल्याला मी मजकूर देऊन ठेवला होता. फक्त 'नंतर'चा आकडा भरायचा राहिला होता.

तहानेचं तू मला ऑगस्टमध्येच बोलली होतीस. भांडी घासता घासता म्हणालीस, "आक्का, मला लई तहान लागतीय बग. अन् पायाला मुंग्या. कावून आसं होत आसंल?" मी म्हटलं, पाणी पितेस म्हणून तर चरबी वाहून चालली आहे. तू खूश झालीस. कुठल्याही गोष्टीचं चांगलं कारण सांगितलं की तू खूश होतेस, लहानपणापासून.

आता शेवटचं. सुकन्या माझ्यावर विसंबून बसली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने तुलाच बाजूला घेतलं, मशीन काढलं, आणि तू हात मागे घेतलास. आठवतं? तू हात मागे घेतलास, कारण आदल्या दिवशी मी तुला सांगून ठेवलं होतं. म्हटलं होतं, तिचं दोन महिन्यांत तीन किलो उतरलं, तुझं सोळा, ती जळते तुझ्यावर, तिच्याजवळ बसत जाऊ नकोस, काहीतरी खोडा घालेल. तू माझं ऐकलंस. तू माझं नेहमीच ऐकलंस. सुकन्या त्यानंतर यायची बंद झाली.

मग कोजागिरीच्या सकाळी आटीव दुधाच्या जागी आपण व्हॅनिलाचे ग्लास उंचावले, मी तुला हार घातला, आणि गुलाबी पट्टीचे बूट दिले. तू बसून ते चढवत होतीस तेव्हा टाच आत जात नव्हती. मी खाली वाकले आणि मागून चमच्याने ढकलली. फोटोत ते आलेलं नाही. फोटो त्यानंतरचा आहे.

त्या दिवशी टोचलं असतं तर पाय राहिला असता की नाही, मी कुणाला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तुला हे कळायला हवं होतं, आणि माझ्याकडून कळायला हवं होतं. हे वाचून तू मला कायमची तोडलीस तरी मी तुला अडवणार नाही.

विजयमाला


अंबाजोगाई
५ डिसेंबर

आक्का,

चारी पत्रं वाचली. सायलीनं वाचून दाखवली. शेवटचं दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या खेपेला पोरगी रडायला लागली, मग माझं मीच वाचलं.

सुकन्याचा हात मी झटकला होता. तिला मी काय बोलले ते तुला माहीत न्हाई. तेबी माझ्या जीवाला लागून राहिलंय.

परवा इथं माझं वजन केलं. एका पायावर उभं राहता येत न्हाई, म्हणून खुर्चीसकट केलं अन् खुर्चीचं वजा केलं. बासष्ट भरलं. पाय काढायच्या आधी सहासष्ट होतं.

सोमवारी ते वहीत लिही. सगळ्यांसमोर वाच, दरवेळी वाचतीस तसंच. आधी फक्त आकडा वाच. थांब. मग बाकीचं सगळं सांग, सुकन्याचंबी.

एवढं कर. मग बघू.

सुरेखा


बीड
८ डिसेंबर

सुरेखा,

वाचलं.

गुरुवारच्या सकाळच्या एसटीने मी अंबाजोगाईला येते आहे. तुझ्या वॉर्डच्या दाराबाहेर उभी राहीन. तू नको म्हणालीस तर सायलीकडे डबा देऊन मागे फिरेन. डब्यात ज्वारीची एक भाकरी आणि मेथी. तुमच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन करून विचारून घेतलं, चालते म्हणाल्या. शिरूरला आईला फोन केला. या वेळी 'सुरेखा बरी आहे' म्हटलं नाही. आई म्हणाली, "मला न्यायला ये." तिलाही घेऊन येते. फ्लेक्स काल दुपारी मी स्वतः शिडी लावून उतरवला. खालून एक जण म्हणाला, ताई, मुदत संपली का? मी हो म्हटलं.

आता आजचं सांगते. तू सांगितलंस त्याच क्रमाने.

सुकन्याला आणायला काल तिच्या घरी गेले होते. तिने आधी दार अर्धंच उघडलं. तुझं पत्र तिला वाचायला दिलं, तेव्हा आत घेतलं. आज ती आली आणि मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिला सोडून एकवीस बायका होत्या. सगळ्यांची वजनं झाल्यावर मी वही उघडली आणि तुझं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं.

"सुरेखा मिसाळ," मी वाचलं. "मागचं वजन सहासष्ट. आजचं बासष्ट. चार किलो कमी."

आणि टाळ्या वाजल्या. तुला खोटं सांगणार नाही, जोरात वाजल्या. आजच्या सकाळी एवढ्या कुणालाच वाजल्या नव्हत्या. सरस्वतीबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गावी जाऊनबी उतरवलं पोरीनं! वाघीन हाय!" नव्या बायका तुझ्या भिंतीवरच्या फोटोकडे बघून वाजवत होत्या. एकटी सुकन्या तोंडावर हात धरून बसली होती. तू थांब म्हणाली होतीस, म्हणून मी थांबले. टाळ्या आपसूक थांबेपर्यंत थांबले. फार वेळ चालल्या गं.

मग मी सांगितलं, हे चार किलो म्हणजे सुरेखाचा गुडघ्याखालचा डावा पाय आहे.

कुणाला आधी कळलंच नाही. एक जण हसलीसुद्धा, तिला वाटलं मी गंमत करते आहे. मग मी सगळं सांगितलं. तहान, मुंग्या, १२ सप्टेंबर, कोजागिरी होऊ दे, सुकन्याबद्दल तुझे कान भरले ते, सहा नंबरचे बूट, चमचा. माझा आवाज नीट होता. मला वाटलं होतं मी रडेन आणि बायका मला जवळ घेतील. तसं झालं नाही, आणि बरं झालं. सरस्वतीबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी टाळ्या वाजवल्या. तू मला टाळ्या वाजवू दिल्या." जाताना त्यांनी भिंतीवरचा स्वतःचा फोटो काढून नेला. त्यांच्यामागे चौदा जणी गेल्या.

सहा जणी तशाच बसून होत्या. मला वाटलं, धक्का बसला असेल. मग त्यातली स्वप्नाली म्हणून आहे, पंचवीसची पोर, अठ्ठ्याण्णव किलो, तुझा फ्लेक्स बघून आली होती, ती उठली. लाजत लाजत म्हणाली, "ताई, तुमच्या भनीचं लई वाईट झालं. पन माझं लग्न ठरंना. पावडर बंद करनार का तुमी?"

तिच्यावर ओरडणार होते. पण हे तिला माझ्याच भिंतीने शिकवलं. मी म्हटलं, आजपासून बंद. डबे मी परत पाठवले. ती रडायला लागली. म्हणाली, मग आमी जायाचं कुटं? दुसऱ्या पत्रात हेच मी तुला विचारलं होतं.

तेव्हा सुकन्या पुढे आली. माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरचा मिक्सर बाजूला सारला, तिथे रुमाल अंथरला, पिशवीतून मशीन काढलं आणि म्हणाली, "आदी बोटं पुढं करा."

सहा जणींची साखर तपासली. मग मी हात पुढे केला, सातवी. माझी बरी निघाली. स्वप्नालीची दोनशे ऐंशी निघाली, आणि आणखी एकीची दोनशे दहा. दोघींना उद्या सुकन्या आपल्याबरोबर आरोग्य केंद्रात नेणार आहे. स्वप्नालीने विचारलं, साखरेमुळंच मला सारखी तहान लागती का? सुकन्याने मान हलवली.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी होते. एका बाईला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

आक्का